अप्पांची ओसरी आणि कंपनीचा ढग

अप्पांच्या कॉम्प्युटरला पदर होता. अव्वांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, एका जुन्या इलकल साडीचा, लाल, काठाला विरलेला, पण रोज सकाळी झटकून पुन्हा नीट घातलेला. लोक कॉम्प्युटर धुळीपासून झाकतात. अप्पा तो माणसांपासून झाकत.

भालकीच्या कॉलेजात इतिहास शिकवायला गेलो तेव्हा मी अप्पांच्या माडीवर भाड्याने राहिलो. खालच्या बाहेरच्या खोलीत एक टेबल, त्यावर तो पदराआडचा कॉम्प्युटर आणि समोर भिंतीला लावून खुर्च्यांची रांग. पहिले काही दिवस मला वाटलं, हे उतारे काढून देतात किंवा फॉर्म भरून देतात. मग एका रविवारी खाली गर्दीचा आवाज आला. डोकावलो तर इस्त्रीचे शर्ट घातलेली, कपाळाला ताजी विभूती लावलेली मंडळी दवाखान्यात बसावं तशी गप्प बसली होती. चहा झाला. अप्पा उठले, भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी फोन लावून दोन-तीन वाक्यं बोलले. मग त्यांनी पदर बाजूला केला आणि कॉम्प्युटरचा पडदा पाहुण्यांकडे वळवला. सगळे पुढे वाकले. थोड्या वेळाने अप्पांनी पदर पुन्हा सोडला, आणि खोलीत एकदम सगळे बोलायला लागले.

अप्पा सोयरिकी जमवत.

मूळचा त्यांचा धंदा कापडाचा. आमच्याकडे लग्नाचे कपडे एकदम खरेदी करतात त्याला बस्ता बांधणं म्हणतात. बस्ता बांधायला दोन्हीकडची वऱ्हाडं एकाच दुकानात, एकाच गादीवर येऊन बसतात, आणि कोण कुणाला लुगडं घेताना हात आखडतो, कोणती सासू जावेकडे बघून रंग बदलायला लावते, हे सगळं कापडवाल्याला दिसतं. अप्पांनी ते आयुष्यभर पाहिलं. पुढे दुकान पुतण्याकडे दिलं, पण माणसांचं माप घ्यायची सवय गेली नाही. माझ्याशी पहिलं वाक्य ते असं बोलले होते, "सर, तुमाला शर्टाला सव्वादोन लागतंय. खांद्यात रुंद हाव तुमी." भाड्याचं बोलणं नंतर झालं.

वर्तमानपत्र वाचून झालं की ते अशी घडी घालत की पुढच्याला वाटावं, अजून कुणी उघडलंच नाही. भाजीच्या पिशव्यांच्याही घड्या घालत. अव्वा म्हणायच्या, "मला एकदा घडी घालून कपाटात ठिवलं की यांचं आवरलं."

मुलाकडच्यांना ते जे प्रश्न विचारत ते मी दुसऱ्या कुठल्या मध्यस्थाच्या तोंडून ऐकले नाहीत. पगार, शेती, प्लॉट हे ते विचारतच नसत. "ते तुमी सांगितल्याबगर ऱ्हाणारच न्हाई" असं म्हणत. पत्रिका कुणी पुढे केली तर तिची घडी घालून परत देत. मुलाच्या आईला मात्र एक प्रश्न ठरलेला. "तुमच्या घरात राग आला की कोणती भाषा निघती?"

बाई गोंधळायच्या. "आमी मराठीच बोलतो की अप्पा."

"ते गोडीत. रागात?"

मग कळायचं की आजे-सासरे चिडले की कन्नडावर जातात, किंवा घरचा कर्ता माणूस शिव्या तेवढ्या उर्दूत देतो. अप्पा मान हलवून ते मनात ठेवत. मला एकदा म्हणाले, "सर, पोरीला लाडाची भाषा न्हाई कळली तरी चालतंय. रागाची कळली पाहिजे. न्हाईतर ती बिचारी हसत उभी ऱ्हाती आणि समोरचा अजून चिडतो."

आता त्या फोनबद्दल. कॉम्प्युटरमध्ये मुलींचे फोटो असत, पण फोटो कुणाला द्यायचा नाही, पाठवायचा तर नाहीच. ज्याला बघायचाय त्याने इथे यावं, बसावं, चहा प्यावा आणि बघून जावं. आणि दाखवायच्या आधी, प्रत्येक वेळी, त्या मुलीला फोन. तिच्या वडिलांना नाही, तिला. गाव सांगायचं, माणसं कशी वाटतात ते सांगायचं, आणि विचारायचं, दाखवू का. याला अप्पा इजाजत म्हणत. हा शब्द त्यांच्याकडे निजामाच्या अमलात शाळा शिकलेल्या वडिलांकडून आला होता. इजाजत दोन भाषांत घ्यायची. आधी मराठीत, "दाखवू का ग?" मग कन्नडात, "तोरसली?" दोन्हीकडून होकार आला तरच पदर हलणार.

"एकदा विचारलं की झालं की," मी म्हणालो होतो.

"न्हाई हो सर. आमच्या पोरी दोन्ही भाषा बोलत्यात. पाहुणे जवळ बसलेत हे त्यास्नी माहीत असतंय. एका भाषेत भिडेनं व्हय म्हणत्यात, दुसऱ्या भाषेत गप बसत्यात. गप बसली म्हणजे न्हाई."

विधी म्हटलं की मला जरा खाजच सुटते. आमच्या कॉलेजात झाडाला पाणी घालण्याआधीही दीपप्रज्वलन होतं. त्यामुळे कितीतरी महिने मी अप्पांचा हा कार्यक्रम म्हणजे म्हातारपणची हौस समजत होतो. उदगीरकडचे पाहुणे जीप करून आले त्या दिवशी मत बदललं. अप्पांनी भिंतीकडे तोंड करून फोन केला, ठेवला आणि वळून म्हणाले, "आज दाखवता येणार न्हाई."

"कामून?"

"पोरगी नको म्हणायलीय."

"अहो, आमी जीप करून आलाव."

"जीपचं मी तिला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर व्हय म्हणली असती, म्हणून सांगितलं न्हाई."

पाहुणे चिडून गेले. अप्पांनी पदर नीट केला आणि खुर्च्या पुन्हा रांगेत लावल्या.

हे सगळं असं का, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. "दुकानात बाई येती, ढीगभर लुगडी उलगडायला लावती, न पटता उठून जाती. आपन परत घड्या घालतो. लुगड्याला काय वाटत न्हाई सर. पोरीला वाटतंय."

अप्पांचा जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला तेव्हा त्यांच्या बंगळूरच्या मुलाने नवा आणून दिला. मुलाचा हुद्दा इंग्रजीत इतका लांब होता की अव्वांनी तो कधी पूर्ण ऐकलाच नव्हता. त्या "कंपनीत हाय" एवढंच सांगत. त्याने एका दुपारीत सगळं जोडून दिलं. कॉम्प्युटर सुरू करताना खातं मागतो, तिथे त्याने स्वतःचं खातं घातलं आणि जाताना सांगितलं, "अप्पा, आता सगळं सेफ आहे. मशीन जळलं तरी तुमचं सगळं वर क्लाउडमध्ये राहणार."

"वर म्हणजे?"

"ढगात समजा."

"ढग कुणाच्या शिवारावर?"

मुलगा हसला. मीही हसलो. अप्पा हसले नव्हते.

नेमक्या त्याच सुमाराला आमच्या कॉलेजात क्लाउडवर व्याख्यान झालं. वक्त्यांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. त्यांनी सांगितलं की यापुढे ज्ञान आकाशात राहणार. मग वीज गेली, आणि ज्ञान आकाशात असल्यामुळे ते तिथेच राहिलं. वक्ते फेट्यासह खाली बसून होते.

अप्पांची मांडणी त्यांची स्वतःची होती. सगळं डेस्कटॉपवर, म्हणजे कॉम्प्युटर सुरू केल्यावर समोर दिसतं त्या जागेवर. ते तिला ओसरी म्हणत. आत कुठल्या तरी कप्प्यात फोल्डरमागे फोल्डर ठेवणं त्यांना पसंत नव्हतं. "डोळ्यासमोर हाय ते घरात हाय," हा हिशेब. फोल्डरवर मुलीचं नाव कधीच नसे, फक्त गाव असे. निर्णा. मादन हिप्परगा. ठाणाकुशनूर. चुकून कुणाची नजर पडली तर गावाचं नाव वाचेल, पोरीचं नाही. आणि एका कोपऱ्यात एक फोल्डर होतं, 'थांबलेल्या'. ज्या मुली आता नको म्हणत त्यांचं गाव उचलून त्यात ठेवायचं. त्यातलं काही कुणालाच दाखवायचं नाही, विचारायचंही नाही.

नव्या कॉम्प्युटरवर त्या गावांच्या बाजूला बारीक खुणा दिसायला लागल्या. काहींजवळ निळा ढग, काहींजवळ हिरवी बरोबरची खूण. अप्पांनी मला कौतुकाने दाखवलं. त्यांचा समज असा झाला होता की पाहुण्यांना ज्या मुली दाखवून होतात त्यांना कॉम्प्युटर आपणहून बरोबर करतो. आणि गंमत म्हणजे तसंच होत होतं. जो फोटो उघडावा तो वरून खाली उतरे आणि हिरवा होई. बाकीचे वरच असत, खाली नुसती त्यांची पाटी.

त्या वेळी मलाही त्या खुणांचा अर्थ माहीत नव्हता. तो कळला एका मंगळवारी. मुलीची इजाजत मिळाली, पदर बाजूला झाला, पाहुणे वाकले, आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. इंटरनेट नाही, फाइल मिळू शकत नाही. गल्लीत खोदकाम चाललं होतं, त्यात तार तुटली होती.

अप्पांनी मला हाक मारून माडीवरून खाली बोलावलं. "सर, काय म्हणायलंय हे?"

मी वाचून सांगितलं.

"म्हणजे पोरगी घरात न्हाई?"

"फोटो इथे नाही. तिकडे आहे."

"तिकडं कामून गेला? मी तर इथं ठिवलोय." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "अजून एक चहा घ्या."

त्यानंतर कॉम्प्युटर अधूनमधून कळवू लागला की तुमची जागा भरत आली आहे, जास्त जागा विकत घ्या. अप्पा पडद्याला तोंडाने उत्तर देत. "नको बाबा." पुढच्या आठवड्यात तीच सूचना. "एकदा सांगितलं की नको." न विचारता आपल्या घरातलं सामान उचलून नेणारा आणि वर ते ठेवायच्या खोलीचं भाडं आपल्याकडेच मागणारा पाहुणा त्यांनी या जन्मी पाहिला नव्हता. तरी तोवर हा वैताग होता, एवढंच.

अप्पा कधी माडीवर येत नसत. भाडेकरूच्या उंबऱ्यावर घरमालकाने जाऊ नये, हाही त्यांचाच नियम. एका संध्याकाळी ते जिना चढून आले आणि दारात उभे राहिले. हातात फोन होता.

"सर, ठाणाकुशनूरच्या पोरीचा फोन आलता."

ही मुलगी बिदरला नर्सिंग शिकत होती. शेवटचं वर्ष. तिच्या वडिलांनी घाईने फोटो आणून दिला होता, पण दिवाळीनंतर मुलीने स्वतः फोन करून सांगितलं होतं, अप्पा, कोर्स संपेपर्यंत कुणाला दाखवू नका. अप्पांनी दोन्ही भाषांत विचारून खात्री केली होती. दोन्हीकडे नको. तिचं गाव 'थांबलेल्या'त गेलं होतं.

"ती म्हणायलीय, तुमी माझा फोटो बंगळूरला दाखवलाव. मी म्हणलो, न्हाई. मंग त्यास्नी कसा दिसला म्हणायलीय. त्यायनी हिच्या बापाला फोन केलाय, फोटो पसंत हाय, येत्या रविवारी बघायला येतो म्हणून. बाप तर हरखून गेलाय. कोर्स राहू दे म्हणायलाय." अप्पांनी फोन खिशात टाकला. "सर, मी कुणाला दाखवलो न्हाई. दाखवलो असतो तर सांगितलो असतो."

आम्ही खाली गेलो. मी खातं कुणाचं आहे ते पाहिलं आणि बंगळूरला फोन लावला. मुलाने आधी सेफ असल्याचं पुन्हा सांगितलं. मग विचारल्यावर जरा चाचरत उलगडा केला. ओसरीवर जे ठेवलं ते सगळं त्याच्या खात्यात वर जात होतं. ते खातं घरच्या टॅबवरही होतं. टॅबला अधूनमधून फोटो आपणहून दाखवायची सवय, आजची आठवण म्हणून. सूनबाईंनी स्वयंपाकघरात टॅब लावला होता, त्यावर एक अनोळखी मुलगी हसली. आधी त्यांनी नवऱ्याला विचारलं ही कोण. नवऱ्याने जीव तोडून सांगितलं की अप्पांच्या कामातली आहे. मग त्यांना मुलगी आवडली. त्यांच्या मावसभावासाठी बघणं चाललंच होतं. फोटो मावशीला गेला. फोटोशेजारीच माहितीचा कागद होता, त्यावर वडिलांचा नंबर.

"चांगलं स्थळ आहे अप्पा," मुलगा म्हणाला. "मुलगा इंजिनिअर आहे. तुमचंच काम झालं ना?"

अप्पा फोनवर वाकले. "तिथनं समदं काढ," एवढंच म्हणाले. "आत्ता. मी फोनवर हाय."

"अप्पा, ऐका तरी—"

"काढ म्हणतोय न्हवं."

मुलगाही तापला असणार. त्याने काढलं. आणि आमच्या डोळ्यांदेखत ओसरी रिकामी व्हायला लागली. निर्णा गेलं. मादन हिप्परगा गेलं. एकेक गाव पडद्यावरून नाहीसं होत शेवटी कोपऱ्यातलं 'थांबलेल्या'ही गेलं. वरचं आणि खालचं एकच होतं. तिथे पुसलं की इथलंही पुसलं जाणार, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं, आणि तिघांपैकी एकाला तर त्याचाच पगार मिळत होता.

अप्पा पडद्याकडे बघत म्हणाले, "सर, उठून चालल्या ह्या."

सुदैवाने वरच्या कचरापेटीत काही दिवस सगळं राहतं. मुलाने तिथून परत आणलं आणि फोन ठेवताना म्हणाला, "तुम्हीच म्हणालात काढ." ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून येताना सगळं वाचून आलो. काढायलाही क्रम असतो. आधी सगळी गावं 'नेहमी याच कॉम्प्युटरवर ठेवा' असं सांगून खाली उतरवून घ्यायची. सगळ्यांना हिरवी खूण येईपर्यंत थांबायचं. मग ती ढगाच्या फोल्डरबाहेर, दुसऱ्या ड्राइव्हवर स्वतंत्र ठेवायची. मग ओसरीवरचं वर नेणं बंद करायचं. मग या कॉम्प्युटरचा त्या खात्याशी संबंध तोडायचा. सगळ्यात शेवटी तो प्रोग्रॅम काढून टाकायचा. प्रत्येक पायरीला कंपनी विचारत होती, नक्की का? तुमच्या फाइली धोक्यात येतील. अप्पांना मी ते वाचून दाखवत होतो.

"जायच्या टायमाला बरं इचारायलाय," ते म्हणाले.

वर नेणं बंद केल्यावर ओसरी पुन्हा रिकामी झाली. हे होणार हे मला या वेळी माहीत होतं. तिथे फक्त एक चिठ्ठी उरली, तुमच्या फाइली अमुक ठिकाणी आहेत म्हणून. अप्पांनी ती वाचायला लावली. "आमच्याच ओसरीवर आमच्याच घराचा पत्ता चिकटवून चालला की हा." मग आम्ही गावं एकेक करून जागेवर आणली. कुठलं कुठे होतं हे त्यांना पाठ होतं. खुणा गेल्या होत्या, ढगही आणि बरोबरही. शेवटी मी प्रोग्रॅम काढला. अव्वा दारात उभ्या होत्या.

"झालं का हाकलून?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

"दुसऱ्याच्या पोरींची राखण करा, आणि सुनेच्या मावशीला काय तोंड दाखवायचं ते मी बघते. मी काय फोन करणार न्हाई तिला."

"तुला कोण म्हणलंय कर म्हणून," अप्पा म्हणाले. मग मला, "सर, आता त्या पोरीचा फोटो कुठंच न्हाई न्हवं?"

मी खरं ते सांगितलं. इथून आता काही वर जाणार नाही. मुलाने स्वतःच्या खात्यातून कचरापेटीसकट पुसलं, असं तो म्हणतो. पण मावशीला गेलेला मावशीच्या फोनमध्ये आहे. तिथून पुढे कुठे गेला, ते सांगता येणार नाही.

"मंग निम्मंच काम झालं," अप्पा म्हणाले आणि आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. "चला. ढगाचं तुमी सांगा. मला नीट सांगता येणार न्हाई, आणि खोटं वाटंल."

कमलनगरकडच्या बसने आम्ही ठाणाकुशनूरला पोचलो. आमच्या फोनमुळे मुलगी बिदरहून आली होती. वडील आमच्या स्वागताला फाट्यापर्यंत आले. रानात तूर उभी होती, त्यांचा चेहरा तिच्याइतकाच फुललेला. अप्पांनी बंगळूरचं स्थळ आणलं, अशीच त्यांची समजूत होती, आणि अप्पांनी घरात बसून पाण्याचा तांब्या खाली ठेवेपर्यंत ती मोडली नाही.

"मी आजवर जमवायला हिंडलो," अप्पा म्हणाले. "आज मोडायला आलोय."

वडिलांना आधी ती थट्टा वाटली. मग मला ढगाचं सांगावं लागलं. मी शक्य तितकं साधं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं मंग? चुकून गेला, चांगल्या घरात गेला. काय बिघडलं?"

"तिला इचारून गेला न्हाई."

"अप्पा, तिला काय इचारायचं? मी बाप हाव न्हवं?"

"तुमी बाप हाव. फोटो तिचा हाय. मी तिला शब्द दिलतो, दाखवणार न्हाई म्हणून. न इचारता गेलेल्या फोटोवर आलेलं स्थळ मी माझ्या नावावर घेणार न्हाई."

"तुमच्याच सुनेकडचं हाय की."

"म्हणून तर."

वडील माझ्याकडे वळले. "सर, तुमी शिकल्याले हाव. ह्यास्नी सांगा. बंगळूरचं घर परत दारात येतंय व्हय?"

येईलच, असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नव्हता. नाही येणार, हेही खरं असू शकलं असतं. आणि ते मुलीलाही कळत होतं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, बापाच्या चेहऱ्याकडे बघत.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "माझी चूक झाली ग. आता तुझ्यावर हाय. बघायला येऊ दे का?"

ती काही बोलली नाही. बाप समोर होता, पाहुणे होते.

"बरली?" अप्पांनी तेच कन्नडात विचारलं.

"ब्याड अप्पा," ती म्हणाली. नको. मग मराठीत, बापाकडे बघत, हळू, "आत्ता नको अण्णा. परीक्षा हाय माझी."

अप्पांनी बंगळूरच्या त्या मावशीचा नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. वडील उठायला गेले, पण उठले नाहीत. ती कन्नडात बोलली. मला सगळं कळलं नाही. तिने क्षमा मागितली नाही एवढं कळलं, आणि आवाज चढवला नाही. पलीकडून बराच वेळ कुणी तरी बोलत होतं. ती ऐकत राहिली, मग पुन्हा तेच सांगितलं, फोटोही पुसून टाका म्हणाली, आणि फोन परत दिला.

वडिलांनी तांब्या उचलून कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाले, "भाईर कुणी इचारलं तर आमच्याकडनं मोडली म्हणून सांगू नका."

"माझ्याकडनं मोडली म्हणून सांगा," अप्पा म्हणाले. "खरंच हाय ते."

चहा कुणी आणला नाही. आम्ही निघालो. फाट्यावर बसची वाट बघत उभे होतो तेव्हा मागून मुलीची आई आली. घरात ती चुलीपाशीच होती. तिने फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगांची चटणी अप्पांच्या हातात दिली.

"उपाशी जाऊ नका. ह्यांचा राग दोन दिसात जाईल."

"बरं माय."

"पोरीला इचारलाव, लई बरं केलाव अप्पा. आमाला कुणी इचारलं न्हवतं."

"त्या टायमाला कोण इचारायचं," अप्पा म्हणाले. "कुणी जमवलं होतं तुझं?"

"तुमीच की."

तिच्या आवाजात काही नव्हतं. माहेरचं गाव सांगावं तसं ती सांगत होती. "आत्याचा बस्ता बांधायला आलतो आमी तुमच्या दुकानात. मी गादीच्या कडंला बसलते. तुमी ह्यांच्या वडलाला बोटानं दाखवलाव, ती पोरगी बघा म्हणून. मला घरी गेल्यावर कळलं."

हातातल्या फडक्याची एक गाठ सैल झाली होती, ती अप्पांनी घट्ट केली. कमलनगरच्या बाजूने बसचा आवाज यायला लागला.

"मंग इचारलं असतं," ते म्हणाले, "तर काय म्हणली असतीस?"

तिने खरोखर विचार केला. बस दिसू लागेपर्यंत केला.

"व्हयच म्हणले असते," ती म्हणाली. "पण इचारायचं की अप्पा."